कार्डावरचा शिक्का

उपेंद्र दांडेकरचा दोन गोष्टींवर पूर्ण विश्वास होता: बायको कुंदाच्या हातची आमटी आणि रबरी शिक्का. दुबईतल्या एका बांधकाम कंपनीत तो ॲडमिन बघायचा. आखातात आल्यापासून त्याला एक गोष्ट पक्की कळली होती. माणूस स्वतः समोर उभा राहिला तरी पुरत नाही. त्याची पदवी, त्याचं लग्न, त्याच्या मुलीचा जन्म, सगळ्यावर शिक्का लागतो. म्हणून बुधवारी संध्याकाळी शेजारच्या अजमानमधल्या घरात चौदा वर्षांची लेक अस्मी एक जुनं कार्ड पुढ्यात ठेवून रडताना दिसली, तेव्हा कारण कळायच्या आधीच त्याच्याकडे उपाय तयार होता.

कार्ड बास्केटबॉलचं होतं, मुलं जमवतात तसलं, खेळायच्या पत्त्याएवढं. त्यावर लाल जर्सीतला एक उंच अमेरिकन खेळाडू चेंडूसकट हवेत गेलेला. अस्मीच्या शाळेतले कोच रोमेल सर फिलिपिन्सचे. लहानपणी हेच कार्ड त्यांच्याकडे होतं आणि मनिलाच्या पुरात ते वाहून गेलं, ही हकिगत त्यांनी टीमला इतक्यांदा सांगितली होती की मुलींना तो पूर आपणच पाहिल्यासारखा वाटे. सर आता कायमचे मायदेशी निघाले होते. उद्या निरोप समारंभ होता, आणि जहूरभाईंच्या जुन्या सामानाच्या दुकानात अस्मीला नेमकं ते कार्ड सापडलं होतं.

"मग रडायला काय झालं?" उपेंद्रने विचारलं.

"नीरव सेज इट्स फेक." नीरव तिच्या वर्गातला, घरी कार्डांचे अल्बम बाळगणारा. "लुक, रेड कलर लाइनच्या बाहेर आलाय. ओरिजिनल असं नसतं. सरांना सगळ्यांसमोर फेक देऊ?"

"जहूरभाई काय म्हणाले?"

"पुराना है, गारंटी नहीं."

"हात्तिच्या! म्हणजे प्रॉब्लेम फक्त पेपर्सचा आहे."

"अहो, खेळण्यातल्या कार्डाला कसले पेपर्स?" कुंदा स्वयंपाकघरातून म्हणाली.

"तुझ्या डिग्रीवर शिक्के नव्हते, तोवर तुला इथे बी.एस्सी. कोण म्हणत होतं?"

शिक्के बसल्यावरही कोणी म्हटलं नव्हतं, हे कुंदाने पुढच्या भांडणासाठी राखून ठेवलं.

गुरुवारी सकाळी उपेंद्र कार्ड घेऊन ऑफिसला गेला. टेबलावर त्याचे दोन लाडके शिक्के शेजारी शेजारी उभे असत. एक 'ओरिजिनल सीन', म्हणजे मूळ कागद या डोळ्यांनी पाहिला. दुसरा 'सर्टिफाइड ट्रू कॉपी', झेरॉक्ससाठी. पहिला शिक्का कार्डाच्या पाठीवर अलगद उमटवायचा, एवढाच बेत होता. पाहिलंय ना आपण कार्ड? मग झालं! तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. "येस सर, इन्शाल्ला सर," म्हणत उपेंद्रने सवयीने शिक्का उचलला आणि ठणकावून मारला.

फोन ठेवून पाहतो, तर कार्डाच्या पाठीवर भल्या मोठ्या अक्षरांत 'सर्टिफाइड ट्रू कॉपी'.

दुपारी घरी कुंदाने नेलपॉलिश रिमूव्हर काढून दिलं. कार्डाची चकाकी गेली, शिक्का मात्र हलला नाही. पुसली न जाणारी शाईच हवी, असा आग्रह ऑफिसात उपेंद्रनेच धरला होता.

"लोक फेक मालाला ओरिजिनल म्हणतात," कुंदा म्हणाली. "ओरिजिनलवर कॉपीचा शिक्का मारणारे तुम्हीच."

अस्मीने कार्ड उलटसुलट पाहिलं. "इट्स ओके, बाबा. मी देणारच नाही," एवढंच म्हणाली. ती ओरडली असती तर उपेंद्रला बरं वाटलं असतं. मुलीच्या जिवाभावाची वस्तू आपण नासवली, हे त्याला फार लागलं.

समारंभात अस्मी रिकाम्या हाताने मागे उभी राहिली. शेवटी उपेंद्रलाच राहवलं नाही. तिच्या दप्तरातून कार्ड काढून तो तडक रोमेल सरांपुढे गेला. "सर, हे अस्मीने तुमच्यासाठी आणलं होतं. मी वाट लावली. चूक माझी आहे."

सरांनी कार्ड हातात घेतलं. रेषेबाहेर गेलेल्या लाल रंगावरून ते बराच वेळ अंगठा फिरवत राहिले. मग कार्ड उलटलं, शिक्का वाचला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"शिक्का बरोबर आहे, सर," ते इंग्रजीत म्हणाले. "हे कॉपीच आहे."

मागून पुढे आलेल्या अस्मीचा चेहरा पडला.

"आमच्या गल्लीत अमेरिकेचं कार्ड कुठून येणार?" सर तिला म्हणाले. "कोपऱ्यावरचा छापखानेवाला नकला छापायचा. त्याचा लाल रंग नेहमी असाच बाहेर जायचा. माझं कार्ड त्याच्याकडचंच होतं. माझ्यासारखंच कोणीतरी हे इकडे घेऊन आलं असेल आणि परत जाताना विकून गेलं असेल. तू ओरिजिनल आणलं असतंस, तर ते माझं नसतं."

अस्मीला हसावं की रडावं कळेना. तिने दोन्ही केलं.

सरांनी कार्ड पुन्हा उपेंद्रपुढे धरलं. "पण एक राहिलंय, सर. शिक्क्याखाली सही नाही. सहीशिवाय इथे काही चालतं का?"

उपेंद्रने खिशातून पेन काढलं. आजवर त्याने ढिगाने ट्रू कॉप्यांवर सह्या ठोकल्या होत्या, बहुतेक मूळ कागद न बघताच. या एका कॉपीची खात्री द्यायला मात्र माणूस स्वतः समोर उभा होता, आणि तेवढं पुरत होतं. त्याने सावकाश, पूर्ण नावाने सही केली.