नारळाखालचा काकवीचोर

तीस वर्सं गुळव्या म्हणून काढली, पावणं! काहिलीतल्या रसाचा बुडबुडा बघून सांगतो, ढेप कशी उतरणार. बिद्रीपासनं पार कागलपत्तूर माझ्यासारखी पारख कुणाला न्हाय!

त्याच तोऱ्यात मी डॉक्टरला गप केलंतं. ९८ साली त्यो म्हणाला, "कृष्णातराव, तुम्हाला मधुमेह आहे. गोड बंद, आणि गोळ्या रोज."

म्हटलं, "साखर मी हातात धरत न्हाय. आमचं सगळं गुळाचं!"

गोळ्या ठेवल्या फळीवर, आन गेलो गुऱ्हाळावर.

त्या हंगामात तहान अशी लागाय लागली, जणू घशातच चुलवाण पेटलंय! तांब्या तांब्या उसाचा रस प्यायचा, आन घटकेघटकेला गुऱ्हाळामागच्या नारळाच्या झाडाआड लघवीला पळायचं. डोळ्याम्होरं सारकं धुकं. म्हटलं, धुराचा तरास!

एक दिवस बघतो तर काय, नारळाच्या बुडाला मुंगळंच मुंगळं! गावजेवणाची पंगत जणू! डोस्कं फिरलं माझं.

"जोत्या! काकवी कोण चोरतंय रं? हितं सांडत नेत्यात!"

जोतीराम आमच्या चुलवाणात वीस वर्सं जाळ घालतोय. त्यानं हातातलं चिपाड खाली आपटलं. "मला चोर म्हणतोस? मग चोर घावस्तवर जाळ बंद!"

काहील गार व्हाय लागली. तेवढ्यात माझी बायको, धोंडुबाई, भाकरी घिऊन आली. तिलाच पंच केली. दोघं चिपाडाच्या ढिगाआड डोळं लावून बसली. मी आपला काहिलीपाशी मिशीला पीळ देत!

दुपारी दोघं आली. जोत्या हसतोय, बायको पांढरीफटक.

"घावला चोर! चार येळा आला," जोत्या म्हणाला.

"कोण त्यो? तंगडं मोडतो!"

"मोड की! तुझंच हाय! चारी येळा धोतार सावरत तूच गेलतास!"

सगळं गुऱ्हाळ फिदीफिदी हसलं. धोंडुबाई मातर न्हाय.

"माझ्या आप्पांच्या मोरीत आसंच मुंगळं यायचं," ती म्हणाली. "वर्साच्या आत पाय कापला त्यांचा. उठा!"

तसंच धरून नेलं शाहूपुरीतल्या दवाखान्यात. डॉक्टरनं रगात तपासलं. साखर साडेचारशेच्या वर! तीच लघवीतनं उतरत हुती, आन मुंगळं तिच्यावर जमत हुतं! मग माझा पाय उचलून बघितला.

"हे भाजलं कधी?"

"काय भाजलं?"

टाचंखाली लिंबाएवढा फोड, पिकलेला! निखाऱ्यावर पाय कवा पडला, मला पत्ताच न्हाय!

"साखरेनं पाय बधिर केलाय," डॉक्टर म्हणाला. "आणखी थोडे दिवस असेच काढले असते, तर पाय गेला असता. नाहीतर बेशुद्ध पडून तुम्हीच!"

धोंडुबाईनं चारचौघांत माझा हात धरला. लगीन झाल्यापास्नं पयल्यांदा!

महिनाभर सुया टोचून घेतल्या, गोळ्या गिळल्या. फोड भरला. पाय वाचला, पावणं! मग जोत्याची माफी मागाय गेलो.

"माझी कशाला?" त्यो म्हणाला. "मुंगळ्यांची माग!"

डॉक्टर बजावतोय, मुंगळ्यांवर इसंबू नका, रगात तपासा. तपासतो की! पर बायकोचं समाधान हुतंय व्हय? रोज सकाळी येती, नारळाचं बूड निरखती, आन साऱ्या गुऱ्हाळाला ऐकू जाईल आशी वरडती, "आज एकबी न्हाय!"

गडी टाळ्या पिटत्यात. आन मी, कागलपत्तूरचा पारखी, मान खाली घालून बिनगुळाचा चहा पितो.