हेदुर्लीच्या टेकडीची पसंती

मार्चमधल्या एका रविवारी हेदुर्लीची वाळूची टेकडी क्लबच्या गाड्या पाहायला कोथरूडला आली.

यात वावगं काही नव्हतं. पूर्वी किनाऱ्यावरच्या टेकड्यांवर कुणीही उठून गाडी घालायचं. गाडी रुतायची, गावातली माणसं हातातली कामं टाकून ती ओढून काढायची आणि गाडीवाले जाता जाता त्यांनाच किनारा स्वच्छ ठेवायला सांगायचे. शेवटी टेकड्यांनीच हरकत घेतली. तेव्हापासून आधी टेकडीनं गाड्या पाहायच्या आणि एक तरी पसंत पडली तर बाकीच्यांनी वऱ्हाड म्हणून जायचं, असा रिवाज पडला. लग्नात चालतं ते इथंही चालवलं, एवढंच.

सहलीचे चिटणीस मुकुंद खांबेटे सकाळपासून सोसायटीच्या पार्किंगमध्ये येरझाऱ्या घालत होते. क्लबचं कागदोपत्री नाव 'कोथरूड चतुश्चक्रचालित वाहन मंडळ'. मंडळाकडे नियोजन समिती होती, वाळू उपसमिती होती, अल्पोपाहार उपसमिती होती. सहल तेवढी अजून झाली नव्हती. नियोजन इतकं कसून व्हायचं की ते उरकेपर्यंत पावसाळा लागायचा, आणि मग पुढच्या वर्षीचं हाती घ्यावं लागायचं. बाकीच्यांना त्याचं सुखदुःख नव्हतं. खांबेट्यांना यंदा होतं. त्यांच्या बायकोनं, नलिनीबाईंनी, निर्वाणीचं सांगितलं होतं: जुनी हिरवी जीप या खेपेला वाळूवर गेली तर घरात राहील, नाही तर पाडव्याला भंगारवाला येईल. जीपनं आजवर डांबर सोडलं नव्हतं. चारही चाकांना कामाला लावणारा तिचा छोटा दांडा खांबेट्यांनी एकदाही ओढलेला नव्हता. त्यावरची धूळ मात्र ते रोज पुसायचे.

टेकडी डंपरमधून आली. ड्रायव्हरनं फाळका उघडला तशी ती सावकाश उतरली आणि 'पाहुण्यांसाठी' असं लिहिलेल्या जागेत बसली. जागा पुरली नाही, तेव्हा शेजारची स्कूटर हलवली.

"प्रवास कसा झाला?" अध्यक्ष आगाशे यांनी विचारलं.

"बरा झाला हो. डंपरवाला ओळखीचाच आहे. आमच्या खाडीकडच्या चुलत्यांना त्यानंच इकडे आणलंन."

"अरे वा. कुठे असतात ते?"

"बाणेरला. कुठच्या बिल्डिंगीत ते काय कळलं नाय. परत कुणी आलंच नाय."

आगाशे बाणेरलाच राहायचे. त्यांनी पोहे मागवले.

अल्पोपाहार उपसमितीनं कांदेपोहे केले होते. टेकडी "खोबरं कमी पडलंय" म्हणाली, पण खाल्ले तिनं. बशी तिच्यात गेली ती परत आली नाही. पाहुण्यांकडे बशी मागायची तरी कशी?

पहिली अध्यक्षांची पांढरी गाडी पुढे आली. तिचे टायर काळ्या पॉलिशनं चमकत होते.

"स्वभावानं शांत आहे," आगाशे म्हणाले. "चिखलात कधी पाऊल टाकलेलं नाही. बाहेरचं पेट्रोल तिला चालत नाही."

"जरा चालून दाखव बघू," टेकडी गाडीला म्हणाली.

गाडी पार्किंगला एक फेरी मारून आली. गतिरोधकापाशी तिनं अंग चोरलं. मागे घेताना तिच्या आतली बाई मोठमोठ्यानं सूचना देऊ लागली.

"फार बोलते हो ही," टेकडी म्हणाली.

दुसरी गाडी डॉक्टर सोहोनींची होती. तिचं छप्पर काचेचं होतं आणि ते उघडायचं.

"हिचं डोकं असंच उघडं असतं काय? आमच्याकडे वारा असतो," टेकडीनं एवढंच विचारलं आणि पाणी मागितलं.

आता ती 'घरी जाऊन कळवते' म्हणणार, हे सगळ्यांनी ओळखलं. त्या वाक्यानंतर कधी कुणी काही कळवत नाही, हे काय कोथरूडला सांगायला हवं? खांबेट्यांना पाडव्याचा भंगारवाला दिसू लागला.

"आणि त्या जनरेटरच्या खोलीमागं कोण आहे?" टेकडी म्हणाली.

"कोणी नाही," आगाशे म्हणाले. "म्हणजे आहे आमच्यातलीच, पण ती कुठे फारशी येत-जात नाही."

जीप मागे लपवायची असा समितीचा ठरावच होता. तिला पाहून टेकडीचं मत बिघडायला नको, हे कारण. खांबेट्यांनीही ठरावाच्या बाजूनं हात वर केला होता. चिटणिसाला दुसरं काही शोभलं नसतं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नव्हतं.

"बोलवा तिला."

जीप खोकत आली आणि धूर सोडून थांबली. कुणीतरी नाकाला रुमाल लावला.

"हिला काय काय येतं?"

खांबेट्यांनी तयार केलेलं उत्तर वेगळं होतं. ऐनवेळी त्यांना खोटं बोलवेना. "काही येत नाही हो," ते म्हणाले. "चढावर दम लागतो. वाळू तिनं पाहिलेली नाही. तो दोष माझा आहे, तिचा नाही. पण रस्त्यात तिनं मला कधी सोडलं नाही."

टेकडीनं जीपची चारही चाकं निरखली. मग म्हणाली, "मला ही पसंत आहे."

टाळ्या पडल्या. आगाशे यांनी तिथल्या तिथे वऱ्हाड उपसमिती नेमली. खांबेट्यांनी जिन्यापाशी उभ्या असलेल्या नलिनीबाईंकडे पाहिलं तर त्याही हसत होत्या.

"मग आजच घेऊन जाते," टेकडी म्हणाली. "डंपरवाला काय थांबलेला नाय."

"घेऊन जाते म्हणजे?" खांबेटे म्हणाले.

"म्हणजे काय हो? पसंत केली म्हणजे ती आता आमच्याकडे राहायची. तुमच्यात काय लग्नानंतर मुलगी माहेरीच ठेवतात?"

खांबेट्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. "रिवाजाला धरून आहे," आगाशे म्हणाले. डॉक्टर सोहोनींनी खांबेट्यांचं अभिनंदन केलं आणि लगबगीनं आपल्या गाडीवर कव्हर घातलं. इतरांनीही घातली.

नलिनीबाई वर घरी गेल्या आणि नारळ, तांदूळ नि खण घेऊन आल्या. जीपच्या सीटवर त्यांनी ओटी भरली. नवराबायको पुढे बसली आणि टेकडी मागच्या बाजूला. मावली कशी, हे विचारायची ती वेळ नव्हती. वऱ्हाड निघालं नाही. कुणी कुठल्या क्रमानं निघायचं, यावर उपसमितीची बैठक चालू होती.

ताम्हिणीच्या अलीकडच्या चढावर जीपला दम लागला. टेकडीनं वाटेत थांबायला सांगितलं, तिला पाणी पाजायला लावलं आणि घाई केली नाही. ऊन उतरताना हेदुर्ली आलं. टेकडी उतरली, समुद्राकडे पाठ करून आपल्या जागी बसली आणि म्हणाली, "ये आता."

खांबेट्यांनी छोटा दांडा ओढला. तो जणू याचीच वाट पाहत होता. जीप एकदाही न थांबता वर गेली, आणि वर पोचल्यावर खांबेटे मोठ्यानं हसले. मग त्यांनी इंजिन बंद केलं, किल्ली काढली, आणि थोड्या वेळानं परत तिथेच लावली. खाली उतरले तेव्हा पायथ्याशी थांबलेल्या नलिनीबाई पदरानं डोळे पुसत होत्या. भंगारवाल्याचं नाव घरात काढणारी बाई हीच, यावर कुणाचा विश्वास बसला नसता.

परतीच्या एसटीत अध्यक्षांचा फोन आला. मंडळाची सहल यशस्वी झाल्याचा ठराव मंजूर झाला होता.

"पाडव्याला आणू या तिला चार दिवस," नलिनीबाई म्हणाल्या. "पहिला सण आहे."

"पाठवतील?"

"पाठवतील की. आपण न्यायला जायचं."

एसटी घाट चढू लागली. खांबेटे एकदम सरसावून बसले. "सकाळी तिला चोक ओढावा लागतो. सांगायचंच राहिलं."

"मी सांगितलंय," नलिनीबाई म्हणाल्या.