एकेका पायाच्या चपला

उंदीरवाडेबाईंच्या खाटेखाली सतरा चपला होत्या आणि त्यांत एकही जोड नव्हता. सगळ्या डाव्या पायाच्या. मी पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा वाटलं, बाईंचं डोकं जरा सरकलेलं असावं. पुढं तीन वर्षं शेजारी राहून माझं मत फारसं बदललं नाही, पण मी स्वतःच थोडी सरकले.

बाई गडचिरोलीतल्या आमच्या कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका. मी नागपूरहून इतिहास शिकवायला आले आणि गावात खोली मिळेना म्हणून त्यांच्या शेजारच्या खोलीत पडले. जिल्हा नुकताच वेगळा झालेला, कॉलेजच्या भिंतींना अजून रंग नव्हता, आणि मुली कुरखेडा, धानोरा, भामरागड अशा चारी दिशांनी आलेल्या. कुणी माडिया आदिवासी, कुणी शेतकऱ्याची, कुणी बाईंसारखीच बौद्ध घरातली. बहुतेक जणी आपापल्या घरातून कॉलेजात आलेल्या पहिल्याच. त्यांना आणणं अवघड होतं आणि टिकवणं त्याहून अवघड. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलेल्या कितीतरी मुली परत यायच्याच नाहीत.

"दिवाई झाली का धान कापनी," बाई बोटांवर मोजून दाखवायच्या. "धान झालं का मंडई, गावची जत्रा. मंडईत पावने पाह्यते अन् मंग लगन. पोरगी कुठी वाचते?"

यावर बाईंनी काढलेला तोडगा असा. स्कॉलरशिप यायची ती नेमकी दिवाळीच्या तोंडावर. ती हाती पडली की मुली आधी बाजारातून रबरी चपला आणायच्या. काहींच्या पायाला तर ती आयुष्यातली पहिलीच चप्पल. सुट्टीच्या सकाळी बाई दारात स्टूल टाकून बसायच्या आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकीची डावी चप्पल काढून घ्यायच्या. परत आलीस की मिळेल. मुली कुरकुरत, हसत, उरलेली चप्पल हातात धरून एसटी गाठायच्या. एकच चप्पल दिसली की अहेरीच्या गाडीचा कंडक्टर ओळखायचा, "बाईच्या पोरी होय?" आणि सरकून जागा करून द्यायचा.

"पुस्तकं ठेवून घ्या की," मी एकदा म्हटलं.

"पुस्तक ठेवलं त म्हनते, बरं झालं, वझं गेलं. चपलीत जीव राह्यते. पाय अडकला का डोकं येते, मॅडम."

"मग दोन्ही ठेवा."

"दोन ठेवल्या त मी चोर. एक ठेवली त मी बाई."

'पाय अडकला का डोकं येते' हे बाईंचं सगळ्यावरचं औषध. वसतिगृहाचा नळ महिनाभर दुरुस्त होईना, तेव्हा त्यांनी पाहणीला आलेल्या प्राचार्यांची छत्री ठेवून घेतली. नळ चार दिवसांत वाहू लागला. मी नागपूरला निघाले की त्यांची नजर माझ्याही डाव्या पायाकडे जायची.

बाई स्वतः मात्र सुट्टीत कुठंच जात नसत. नवरा लग्नानंतर लवकरच गेला होता. भाऊ आरमोरीला होता. "भावाकडं जा की चार दिवस," म्हटलं तर म्हणायच्या, "अन् इथी चपला कोन राखन?" रिकाम्या वसतिगृहात त्या फडक्यानं एकेक चप्पल पुसत बसायच्या. मी यावरून त्यांना खूप चिडवलं. आज त्याचं वाईट वाटतं.

त्या सतरा चपलांच्या वर्षी सुट्टी संपली, सोळा चपला गेल्या आणि एक उरली. मैनीची. भामरागडच्याही पलीकडच्या गावची माडिया मुलगी, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला, वर्गात प्रश्न विचारणारी एकुलती एक. परीक्षेचा फॉर्म भरायला आठवडा उरला होता. तिची सही नसेल तर वर्ष बुडणार, आणि बुडालेलं वर्ष पुन्हा भरायला मैनीला कुणी पाठवणार नव्हतं. बाईंनी दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी फॉर्म, पेन आणि ती चप्पल पिशवीत टाकून मला म्हणाल्या, "चाला. सरकारी कागद हाये, एक शिकलेलं मानूस पायजे."

एसटी बदलत भामरागडपर्यंत गेलो, रात्र तिथंच एका शिक्षकाच्या घरी काढली आणि सकाळी पुढं पायी निघालो. मैनी बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, धान कापत होती. आम्हाला पाहून ती विळा टाकून धावली आणि मध्येच थांबून रडायला लागली. तिचा बाप घरात गेला आणि लाल कोंबडा काखेत घेऊन बाहेर आला. कोंबडा बाईंच्या पुढ्यात धरून तो माडियात बरंच काही बोलला. त्याला आमची भाषा येत नव्हती, म्हणून आपल्याच खटल्यात मैनी दुभाषी झाली.

"बाबा म्हनते, दंड घ्या अन् चप्पल सोडा."

"कायचा दंड?"

प्रकरण उलगडायला वेळ लागला. त्यांच्या गावात कुणाची चूक झाली की गावपंचायत त्याची एखादी वस्तू ठेवून घेते आणि दंड भरल्यावर सोडते. मुलगी एका चपलेनं घरी आली, तेव्हाच बाप समजला की हिनं कॉलेजात काहीतरी वाईट केलंय. मैनीनं शपथा घेतल्या. पण चूक नसताना शहाणं माणूस कुणाची चप्पल ठेवील, यावर गावात कुणाचाच विश्वास बसेना. धान निघालं की दंड घेऊन स्वतः यायचं आणि लेकीचं नाव कॉलेजातून काढून टाकायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

 बाई बांधावर खाली बसल्या.

"मैनी, बाबाले सांग. चूक तुही नाई, माही हाये. पोरगी वापस आली पायजे, मले येवढंच कयते. बाकी काई कयत नाई."

मग त्यांनी आपल्या डाव्या पायातली चप्पल काढली आणि बापासमोर ठेवली.

"हे तुमी ठेवा. उन्हायात मी पोरगी घरी पोचवून देतो. नाई पोचवली, त मले चप्पल नाई."

बापानं चप्पल उचलली, उलटीसुलटी पाहिली आणि पहिल्यांदा हसला. धानाच्या पेंडीवर फॉर्म ठेवून मैनीनं सही केली. दंड नाही म्हटल्यावर कोंबडा पाहुणचारात गेला. दुसऱ्या दिवशी मैनी दोन्ही पायांत चपला घालून आमच्यासोबत निघाली आणि बाई एका पायानं अनवाणी. कंडक्टरनं काही विचारलं नाही, सरकून जागा दिली.

मैनी पास झाली. बाईंनी तिला उन्हाळ्यात गाडीत बसवून दिलं आणि जूनमध्ये ती परत आली, पण रिकाम्या हातानं.

"माही चप्पल?" बाईंनी विचारलं.

"बाबा देत नाई. म्हनते, बाईचं कोनी नाई, तिले इथी बलाव. मंडईले तिनंच याव अन् घेऊन जाव."

 बाई ओट्यावर बसून नऊवारीच्या पदराचं टोक बराच वेळ चाळवत राहिल्या.

त्या दिवाळीला त्यांनी कुणाचीच चप्पल ठेवून घेतली नाही. मुली गेल्यावर मी सहज डोकावले तर वसतिगृहाला कुलूप. बाई फाटकाशी पिशवी घेऊन उभ्या होत्या, उजव्या पायात ती जुनी चप्पल, डावा पाय अनवाणी.

"कुठं निघालात?"

"घरी," त्या म्हणाल्या, आणि किल्ली माझ्या हातात ठेवून एसटी धरायला झपाझप चालू लागल्या.