अडीच खोल्यांचा विकास आराखडा

मुलांनो, कल्पना करा की तुम्ही अडीच खोल्यांच्या घरात राहता. पुढच्या खोलीत आईचं शिलाई मशीन आहे. मधल्या खोलीत सगळे झोपतात. उरलेल्या अर्ध्या खोलीत स्वयंपाक होतो आणि दारासमोर तुम्ही लंगडी खेळता. शाळेतून आलात की मशीनशेजारी बसून गृहपाठ करता; गणित अडलं की आई पाय न थांबवता उत्तर सांगते. झाली कल्पना? आता नीट बघा, या घरात काही चूक दिसते का? दिसत नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. तुमचं नगरनियोजनाचं शिक्षण झालेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हे घर वर्धा जिल्ह्यातल्या सालईखेडच्या मयुरीचं. सालईखेडला नुकतीच ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली होती. ग्रामपंचायतीला पाणी आणि दिवे बघावे लागतात. नगरपंचायतीला भविष्य बघावं लागतं.

अध्यक्ष प्रभाकरराव शिस्तीच्या विचारसरणीचे होते. प्रत्येक वस्तू जागच्या जागी नसल्यामुळे देश मागे राहिला, असं त्यांच्या पक्षाचं मत होतं. ते अभ्यास दौऱ्यावर परदेशी गेले. तिथल्या एका शहरात संध्याकाळी रस्त्यावर त्यांना काहीच दिसलं नाही. पानठेला नाही, कट्ट्यावरची मंडळी नाहीत, मधोमध बसलेली म्हैस नाही. “याले म्हनतात नियोजन,” ते म्हणाले. त्या दिवशी तिथलं तापमान शून्याच्या बरंच खाली होतं, ही बाब अहवालात नोंदवायची राहून गेली.

येताना ते एक विचार घेऊन आले. शंभरेक वर्षांपूर्वी परदेशातल्या काही विद्वानांनी ठरवलं होतं की शहर म्हणजे एक यंत्र. माणसाने राहावं एकीकडे, काम करावं दुसरीकडे, खेळावं तिसरीकडे, आणि या सगळ्यांमध्ये ये-जा करावी. त्यांच्याकडे कारखान्यांचा धूर घरात शिरत असे, म्हणून त्यांचं फारसं चुकलं नव्हतं. मयुरीच्या आईच्या, म्हणजे ज्योत्स्नाच्या, मशीनमधून धूर निघत नव्हता. पण विचार एवढ्या लांबून आलेला, त्याला रिकाम्या हाताने परत कसा पाठवायचा?

नगररचना सहायक प्रफुल्ल एका दुपारी आराखडा घेऊन मयुरीकडे आला. मुलगा सज्जन, गावातलाच. त्याने नकाशा मशीनवरच पसरला.

“ज्योत्स्नाताई, तुमच्या घराले चार रंग लागले.”

“बरं झालं बापा. दिवाळीले मारलेला चुना सारा उडाला.”

“तसे रंग नाई हो. राहनं पिवळं, बनवनं जांभळं, विकनं निळं, खेळनं हिरवं. तुमी पिवळ्यात बसून जांभळं काम करून राह्यल्या. वरतून गिऱ्हाईक आलं का निळं. अन् पोट्टी दारात हिरवं खेळते.”

“मंग काय झालं?”

“मंग हद्द ओलांडली ना ताई. दिवसभर ओलांडूनच राह्यल्या तुमी.”

आतून मयुरीची आजी तानाबाई म्हणाली, “अन् माहं भाजी निवडता निवडता मशीनपाशी येनं, त्याचा रंग कोन्ता रे प्रफुल्ल?”

प्रफुल्लने नकाशाच्या कोपऱ्यातली सूची वाचली. “थे वाहतुकीत येते, आजी. करडा.”

पंधरवड्यात मशीन गावाबाहेर, कापसाच्या गोदामांपलीकडच्या जांभळ्या क्षेत्रात गेलं. अडचण अशी की शिवणं हा उद्योग असला तरी माप घेणं ही सेवा ठरली, आणि सेवा निळ्या क्षेत्रात, गावाच्या दुसऱ्या टोकाला. ज्योत्स्ना सकाळी निळ्यात माप घ्यायची आणि दुपारी जांभळ्यात कापड कापायची. मधल्या वाटेत काही आकडे सांडायचे. त्या वर्षी सालईखेडच्या शाळेत निम्म्या मुलांचे हात तिने शिवलेल्या गणवेशाच्या बाह्यांतून बाहेर आलेच नाहीत. गुरुजी म्हणाले, शिस्त वाढली. कोणी हात वर करून प्रश्न विचारत नाही.

खेळण्यासाठी हिरवं क्षेत्र झालं. ते सिमेंटचं होतं, कारण गवताची देखभाल करावी लागते. मे महिन्यात तिथे कोणी पाय ठेवला नाही. पाहणी अहवालात लिहिलं गेलं की परिसर अत्यंत स्वच्छ राखण्यात आला आहे.

मयुरी मात्र रोज शाळेतून रिकाम्या पुढच्या खोलीत यायची. मशीन होतं तिथे जमिनीवर चार खुणा उरल्या होत्या. एक दिवस ती वही घेऊन सरळ जांभळ्या क्षेत्रात गेली. फाटकावर पहारेकऱ्याने अडवलं.

“अभ्यास कराचा नाई अथी. थो शैक्षनिक वापर होते.”

“मंग मी नुसती आईपाशी बसतो.”

“थे तर निवासी झालं.”

मयुरीने फाटकाबाहेर उभं राहून ओरडून विचारलं, “आई, सात नव्वे किती?” आतून आईने उत्तर दिलं, पण शेजारच्या गिरणीच्या आवाजात ते पोचलं नाही. त्या रात्री मयुरीने जेवताना एवढंच सांगितलं, “मले मशीन घरी पायजे.”

“मलेही पायजे,” ज्योत्स्ना म्हणाली. “पन आपल्याले कोन इचारते.”

विचारण्याची वेळ आली. निवडणुकीत भैयाजींचा पक्ष निवडून आला. हा पक्ष मोकळेपणाच्या विचारसरणीचा होता, म्हणून भैयाजी वेगळ्याच देशात अभ्यास दौऱ्याला गेले. परत येऊन त्यांनी जाहीर केलं की जुना परदेशी विचार परदेशातच मोडीत निघाला आहे. आता नवा विचार आहे. त्यात माणूस राहतो तिथेच काम करतो, दारातच विकतो, आणि मुलं मोठ्यांच्या नजरेसमोर खेळतात. याला मिश्र वापर असं म्हणतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ज्योत्स्ना दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेली. “भैयाजी, मंग मशीन घरी नेऊ?”

“नेजा ना वहिनी. तुमचं घर तर आपला पयला नमुना.”

ज्योत्स्नाचं काम झालं, मशीन घरी आलं. अडले ते किसनराव. त्यांनी घरातलं किराणा दुकान निळ्या क्षेत्रात हलवलंच नव्हतं. मागच्या दाराने चालू ठेवलं होतं.

“माहं तर मिसळलेलंच आहे,” ते म्हणाले.

“थेच तर चुकलं तुमचं,” भैयाजी समजावत म्हणाले. “योजना मिसळन्यासाठी आहे, मिसळलेल्यासाठी नाई. आंधी वेगळं करा, दाखला घ्या, मंग मिसळा.”

ज्योत्स्नाच्या मशीनलाही एक अट होती. इतर गावांच्या प्रतिनिधींचं पथक येऊन नमुना पाहील. पथकाला पटला तर मशीन कायमचं घरी. नाही पटला तर परत जांभळ्यात. म्हणून पथक येणार त्या दिवशी दारात मशीन न्यायची हातगाडीही तयार ठेवली होती. नियोजन असं दोन्ही बाजूंनी असतं.

पथक आलं. मोठी माणसं होती, सगळ्यांकडे वह्या. त्यात तुमच्या गावचेही दोघे होते. चांगल्या कपड्यांवरून मी ओळखले. ज्योत्स्ना मशीन चालवत होती, तानाबाई दारात मेथी निवडत होती, मयुरी गणित सोडवत होती. पथक भारावून गेलं. भैयाजी हार आणायला बाहेर गेले होते, म्हणून पथकप्रमुखांनी मयुरीलाच विचारलं, “बाळ, ही कल्पना कोणत्या देशाची?”

“कोन्त्याच नाई जी,” मयुरी म्हणाली. “आमच्याकडे पयलेपासून असंच होतं. आजीच्या आजीकडेही.”

पेनं थांबली.

“म्हणजे हे इथलंच?” तुमच्या गावच्या एकाने विचारलं. जेवणात माशी सापडल्यावर विचारतात, तसं.

“हो जी.”

“मग यात बघण्यासारखं काय आहे?” पथकप्रमुखांनी वही मिटली. एकेक जण उठू लागला. प्रफुल्लने मान खाली घालून हातगाडीवाल्याला खूण केली, आणि मशीनवरचे ज्योत्स्नाचे पाय थांबले.

मयुरीने थांबलेल्या पायांकडे पाहिलं, हातगाडीकडे पाहिलं.

“माहं चुकलं जी,” ती म्हणाली. “फिनलंडचं होय हे.”

सगळे परत बसले. वह्या उघडल्या. तुमच्या गावच्या दोघांनी तर नवं पान घेतलं. मग मयुरीने गणिताची वही बाजूला ठेवली, आईच्या मशीनला टेकून बसली, आणि सगळ्यांना उतरवून घेता यावं म्हणून सावकाश, एकेक वाक्य दोनदा सांगू लागली.

“लिवा. फिनलंडमध्ये आज्या दारात बसून मेथी निवडतात.”