जयवंतच्या नावाच्या बारा खुर्च्या

"प्लास्टिक शेकडो वर्षं मरत नाही, शेवंतीवहिनी! जयवंतचं नाव तुमची पणतवंडंसुद्धा वाचतील!"

निवृत्त विज्ञानशिक्षक गौतम सरांनी हे इतक्या ठामपणे सांगितलं, की शेवंतीबाईंनी डोळे पुसून मान डोलावली. परळच्या विहारातली अभ्यासिका त्यांच्या नवऱ्याने, जयवंतने उभी केली होती. चाळीतल्या फुटक्या बादल्या, बाटल्या, टब गोळा करून तो विहाराच्या गच्चीवर साठवायचा. तो गेला तेव्हा गच्ची भरलेली होती. सरांनी ठरवलं, त्याच प्लास्टिकच्या बारा खुर्च्या करायच्या आणि पहिल्या स्मृतिदिनी अभ्यासिकेला द्यायच्या. पाठीवर अक्षरं, ‘कालकथित जयवंत यांच्या स्मरणार्थ’. नवऱ्याचं नाव तिथे राहावं, एवढंच शेवंतीबाईंना हवं होतं.

रे रोडच्या प्लास्टिक कारखान्यात मालक हितेंद्रभाईंनी पोत्यात हात घातला आणि तोंड वाकडं केलं. "सर, बाटली वेगळी, बादली वेगळी काढावी लागेल. आणि निम्मा नवा, कोऱ्या प्लास्टिकचा दाणा टाका. नाहीतर माल ठिसूळ होतो."

सर ताठ झाले. "वेगळं काढायचं? जयवंतने आयुष्यात कुणाला वेगळं बसवलं नाही! सगळं एकत्र वितळवा. बाहेरचा एक दाणाही नको!"

"तुमची मर्जी," हितेंद्रभाई म्हणाले.

स्मृतिदिनाला वंदना झाली. सगळ्यांनी उभं राहून दोन मिनिटं शांतता पाळली. मग पुढच्या रांगेतली बारा माणसं नव्या खुर्च्यांवर एकदम बसली.

कड्!

आधी एक, मग दुसरी, मग फटाक्यांची माळ लागावी तशी एक सोडून सगळी रांग! कुणी ओरडलंसुद्धा नाही. अकरा ज्येष्ठ मंडळी गंभीर चेहऱ्याने, पाय वर करून फरशीवर पसरली होती. शेवंतीबाईंच्या हातात नुसतं ‘जयवंत’ आलं होतं.

"सर," शेवंतीबाईंची नात सीमा म्हणाली, "प्लास्टिक मरत नाही म्हणालात ना?"

"मरत नाही गं, म्हातारं होतं." शिकवायची वेळ आली की सरांचा आवाज आपोआप मऊ व्हायचा. "प्लास्टिक म्हणजे लांबलचक साखळ्या. दर वेळी वितळवलं की त्या तुटून आखूड होतात. उन्हानेही तुटतात. शिवाय बाटलीचं आणि बादलीचं प्लास्टिक एकजीव होत नाही. मधे भेगा राहतात."

शेवंतीबाईंनी मान वर केली. "हे तुम्हाला आधी माहीत होतं?"

"आठवीला शिकवायचो," सर पुटपुटले. "तीस वर्षं."

विहारात पुन्हा शांतता पसरली. ही कुणी पाळायला सांगितली नव्हती.

"मग परत वितळवा," शेवंतीबाई म्हणाल्या.

"आणखी कमजोर होईल, वहिनी. प्रकार वेगळे काढून नवा दाणा घालावाच लागेल. मला वाटलं, मग त्यात जयवंत उरणार नाही."

"अहो, अभ्यासिकेत नवं पोर आलं की हे स्वतः उठून त्याला जागा द्यायचे! घाला नवा दाणा. नाव तेवढं तेच ठेवा."

सरांनी रुमालाने चष्मा पुसला. तेवढ्यात सीमा एकमेव शाबूत राहिलेली खुर्ची ओढत घेऊन आली. "सर, तुम्ही दमलात. बसा ना!"

सरांनी खुर्चीकडे बराच वेळ पाहिलं.

"नको गं बाळा," ते म्हणाले. "शिक्षकाने उभंच राहावं."