दवाखान्यातली मॅमथची दाढ

मला कुठलीही दाढ द्या, मी तिच्यामागे अख्खा प्राणी उभा करून देतो! हे वाक्य मी संग्रहालयातल्या हाडांच्या खोलीत रोज म्हणतो. तिथे ऐकायला कोणी नसतं, म्हणून एकदा सासऱ्यांच्या घरी जेवताना म्हणालो. तिथेच फसलो.

सासरे दातांचे डॉक्टर, आता निवृत्त. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा दवाखाना होता आणि त्याच्या खिडकीत एक दाढ असायची, उचलायला दोन हात लागतील एवढी. दवाखाना उघडला त्या दिवशी सासूबाईंनी ती भेट दिली होती. कुठून आणली हे मात्र त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. विचारलं की हसून "तुम्हीच शोधा" म्हणायच्या. शोधायचं राहून गेलं आणि सासूबाईही गेल्या.

"जावईबापू," सासऱ्यांनी दाढ माझ्या मांडीवर ठेवली, "प्राणी कुठला ते सांगालच. पण हिने ती आणली कुठून, ते मला हवंय. आता माझंही वय झालं."

"आठवडाभरात सांगतो, बाबा."

बायकोने टेबलाखालून पाय मारला. मी ते प्रोत्साहन समजलो.

मॅमथची दाढ म्हणजे उभ्या चकत्यांची चळत. चकत्या पातळ आणि दाट असल्या की थंडीतला केसाळ मॅमथ, जाड आणि विरळ असल्या की त्याचे फार जुने पूर्वज. या दाढेत चकत्या विरळ, मधे पांढरीशुभ्र माती आणि वरची बाजू आरशासारखी गुळगुळीत. असलं काही मी कुठल्याच पुस्तकात पाहिलं नव्हतं. म्हणजे ही नवीनच जात, हे ओघाने आलंच!

मग मला ते मैदान दिसायला लागलं. क्षितिजापर्यंत पांढरी माती, तिच्यावर सायीसारखं मऊ ऊन आणि त्यातून डुलत चाललेले मॅमथ. कुणालाच घाई नाही. लोण्यासारखं गवत खायचं, दाताला ओरखडा म्हणून नाही. मी बसमध्ये बसून त्यांच्यामागे चालत राहायचो आणि आपला थांबा कधीच मागे पडलेला असायचा.

"अरे, आहेस कुठे?" बायकोने फोनवर विचारलं.

"पांढऱ्या मैदानात."

"बरं. येताना दूध आण."

संचालकबाईंनाही मी ते मैदान दाखवलं. शब्दांनीच, पण त्या बिचाऱ्या भारावून गेल्या. त्यांनी दारासमोरचं काचेचं कपाट रिकामं करवलं, वार्ताहर बोलावले, पाटी रंगवून घेतली. सासरे इस्त्रीचा कोट घालून आले आणि चष्मा सावरत पाटी वाचायला लागले.

"पांढरी माती कुठली?"

"ही काय, बाबा. चकत्यांच्या मधली."

"ती माती नाही. ते मी भरलंय."

वार्ताहरांनी वह्या मिटल्या. सासरे मात्र पेशंटची माहिती द्यावी तसं सांगत होते. "फटीच फटी होत्या हो. दातांच्या डॉक्टरच्या खिडकीत अशी दाढ बरी दिसते का? सगळी घासली, फटी भरल्या, वरून पॉलिश केलं. दोनतीन चकत्या त्या भरावाखालीच बुजल्या असतील."

माझे मॅमथ एकेक करून मैदानातून निघून गेले. संचालकबाईंनी पाटी उलटी करून ठेवली.

"बाबा, त्या फटींत मूळची माती होती. ती दाढ कुठली हे त्या मातीनेच सांगितलं असतं."

सासऱ्यांचा चेहरा उतरला. सासूबाईंची सांगायची राहिलेली गोष्ट आपणच धुऊन टाकली, हे त्यांच्या लक्षात आलं. मला फार वाईट वाटलं. मग ते हळूच म्हणाले, "एका फटीतली निघाली नव्हती. पहिला पेशंट दारात आला, ही हाका मारत होती. मी तशीच वरून बुजवली. असं काम जन्मात परत केलं नाही."

संध्याकाळी त्यांच्या दवाखान्यातल्या खुर्चीवर आम्ही दाढ आडवी केली. मी बॅटरी धरली, त्यांनी मशीन. जुनं पांढरं निघत गेलं तशा पातळ, दाट चकत्या वर आल्या. साधा केसाळ मॅमथ. आणि त्या एका फटीतून काळा गाळ निघाला, त्यात तांदळाएवढे शिंपले.

"समुद्र," मी म्हणालो. "उत्तरेकडच्या थंड समुद्राच्या तळाशी पूर्वी कोरडी जमीन होती, तिथे हे चरायचे. आता तिथल्या कोळ्यांच्या जाळ्यात दाढा येतात. आईंनी ती आपल्या बंदरावर कुणा खलाशाकडून घेतली असणार."

"बंदरावर?" सासरे खुर्चीच्या हातावर टेकले. "मासळीच्या नुसत्या वासाने तिला चक्कर यायची. गल्लीच्या तोंडाशी मासेवाली आली तरी खिडक्या लावून घ्यायची." त्यांनी एक शिंपला बोटाच्या टोकावर घेतला. "माझ्यासाठी तिथे गेली हो ती."

माझ्या डोळ्यांसमोर पहाटेचा धक्का उभा राहिला. ओल्या जाळ्यांचे ढीग आणि त्यांच्यामधून नाकाला पदर लावून चाललेल्या तरुण सासूबाई. मी आ वासून बघतच राहिलो.

सासऱ्यांनी माझ्या हातातली बॅटरी घेतली.

"तोंड तसंच उघडं ठेवा, जावईबापू. मागची दाढ किडलीय."