खुशालच्या लग्नाचं संथ चित्रण

मनुष्याच्या आयुष्यात हिसका नसावा, हे तत्त्व आता निदान लग्नाच्या व्हिडिओपुरतं तरी सर्वमान्य झालं आहे. कुरखेडा तालुक्यात ते रुजवण्याचं श्रेय खुशालला जातं.

खुशाल लग्नांत ड्रोन उडवायचा. ज्या बटणानं यंत्र आपोआप घिरट्या घालतं, ते त्यानं कधी दाबलं नाही. (त्या बटणावर जगतात ते अहेरीकडचे शूटिंगवाले, असं तो म्हणे.) त्याचं सगळं अंगठ्यावर. फक्त अंगठा जरा थरथरायचा, त्यामुळे मागच्या व्हिडिओतली वरात अशी डुलली की बघणाऱ्या पाहुण्यांना मळमळलं. अशातच त्याचं रिनाशी जमलं. पोरीवर त्याचा फार जीव. ती फोनवर एवढंच बोलली, "सगळं साधंच करा जी, पण आपला व्हिडिओ हालला नाई पायजे."

झालं! गडी कामाला लागला.

रोवणीच्या दिवसांत सराव सुरू झाला. बाया शेताच्या बांधीत वाकून मागे मागे सरकत धान लावायच्या, वर ड्रोनही त्यांच्याच चालीनं मागे मागे सरकायचा. "तुह्या मच्छराले सांग न बाबा, खाली येऊन रोवू लाग म्हणा!" त्यांतली रंभाबाई ओरडली. खुशाल त्या वेळी अंगठा केसभर सरकवण्याच्या अवस्थेत होता.

हिवाळ्यापर्यंत गावानं सहकार्याचे नियम मान्य केले. ड्रोन वर असताना सायकल सावकाश वळवावी. शिंक येत असल्यास झाडाखाली जावं. भांडण एका जागी उभं राहूनच करावं. (बैलांना हे समजलं. कुत्र्यांबाबत प्रयत्न सुरू आहेत.) खुद्द खुशाल इतका संथ झाला, की त्याचा घास तोंडापर्यंत पोचेस्तोवर भाजी निवायची आणि आई कपाळाला हात लावायची.

उन्हाळ्यात मंडप सजला. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला, रिना हार घेऊन उभी राहिली. खुशालच्या हातात रिमोट, नजर स्क्रीनवर, आणि ड्रोन दोघांभोवती गोल निघालेला.

"माह्याकडे पाहा न जी."

"तुह्याकडेच पाहून राह्यलो. स्क्रीनवर मस्त दिसून राह्यली तू. थांब, फेरी पुरी होऊ दे."

फेरी पुरी झाली. ती किंचित वाकडी वाटली, म्हणून त्यानं दुसरी घेतली. मग तिसरी. रिनानं हार ताटात ठेवला, डोळे पुसले, भावाला गाडी काढायला सांगितलं आणि चालू लागली.

खुशालला ते स्क्रीनवर दिसलं. पण अंगठा ढळला नाही. ड्रोन नवरीच्या मागे, तिच्याच चालीनं, गाडी वळणाआड होईपर्यंत गेला. कुठं एक हिसका नाही! जाणकार हे चित्रण तालुक्यात सर्वोत्तम मानतात. रिमोट ठेवल्यावर खुशाल मटकन बसला आणि ढसाढसा रडला. (हे चित्रित झालेलं नाही.)

आता लोक विचारतात, भरल्या मंडपातून नवरी निघून गेली आणि एकानंही तिला अडवलं कसं नाही? उत्तर व्हिडिओतच आहे. सगळं वऱ्हाड माना वर करून ड्रोनला हात दाखवत होतं. चित्र स्थिर असल्यामुळे एकेक चेहरा ओळखू येतो. तुम्ही डाव्या कोपऱ्यात आहात, केस नीट करताना.